लुफीची बदली

शनिवारी रात्री कूलरमध्ये पाणी भरलं, पाय पसरले आणि लुफी नावाच्या पोराच्या 'वन पीस' या जपानी मालिकेचा ६१३ वा भाग लावायला गेलो, तर मालिकाच गायब. 'हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही.' आपल्या भागात म्हणजे? प्रतापनगरात? मार्चमध्येच वर्षाचे पैसे एकरकमी भरून बसलो होतो. शोधलं तर कळलं, हक्कांची मुदत संपली आणि मालिका दुसऱ्या अ‍ॅपवर गेली. तिथे पुन्हा पैसे. भरले. मनातल्या मनात शिव्या देत भरले.

तेवढ्यात वरचे काका आले. उकाड्यामुळे दार उघडंच होतं. एका हातात कूलरचा पंप, त्यातून पाणी टपकतंय, तोंडाने "पेचकस दे बे."

माझा चेहरा पाहून थबकले. "काय झालं?"

"गेली, काका."

काकांनी पंप माझ्या सोफ्यावर ठेवला. आवाज खाली आणला. "कोन गेलं? किती वय होतं?"

"१९९९ ची."

"अरे बाप्पा! लेकरूच म्हन ना."

"काका, कार्टून आहे ते," मी म्हणालो आणि जीभ चावली. सात वर्षं आईला सांगतोय की कार्टून नाही, अ‍ॅनिमे म्हण. आणि ऐनवेळी मीच घसरलो.

सगळं ऐकून काका खुलले. "मंग बदली झाली म्हन ना! मेली काऊन म्हनते?" काकांची चौतीस वर्षं सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली. बदली हा त्यांचा प्रांत. "रिलीव्ह कधी केलं?"

"तीस तारखेला."

"नव्या जागी रुजू?"

"त्याच रात्री."

"जॉइनिंग टाइम नाई घेतला! चांगला कर्मचारी हाये." मग चष्मा वर सरकवून, "सर्व्हिस बुक आलं का सोबत? आतापर्यंतची सगळी नोंद?"

मी गप्प. दुखणं नेमकं तिथेच होतं. ६१२ भाग, भागाला चोवीस मिनिटं धरली तरी जवळजवळ २४५ तास. फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेले भरतीचे भागसुद्धा इमानदारीने पाहिले. जुन्या ठिकाणी प्रत्येक भागाखाली लाल रेघ होती, कुठे झोप लागली तेही त्याला ठाऊक. नवीन अ‍ॅप मात्र विचारतंय, 'तुम्हाला काय आवडतं? तीन कार्यक्रम निवडा.' बारशाला आल्यासारखं. त्यात सलग आकडे नाहीत, सगळे सीझन पाडलेले. ६१३ कुठल्या सीझनमध्ये, ते तुम्हीच शोधा.

"नाही आलं, काका."

"एलपीसी? शेवटच्या पगाराचा दाखला?"

"तेही नाही."

"असे कसे कार्यमुक्त करते हे लोक!" काका खरोखर चिडले. मालिका गेल्यापासून माझी बाजू घेणारा हा पहिला माणूस. त्यांनी अर्ज सांगितला आणि मी तो मदतीच्या चॅटमध्ये टाइप केला, 'उपरोक्त विषयान्वये विनंती की'पासून. उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', पुढे हसरा चेहरा. हसायचं काय त्यात? लुनावर वसुलीला येणारा केबलवाला बरा होता. चॅनेल गेलं की फाटकात उभं करून झापता तरी यायचं.

मग काकांनी रिमोट घेतला. "थांब, मी लावून देतो. कुठवर आला होता हा?"

"काका, पुढचं दाबू नका. स्पॉइलर होईल."

"हे रबराचं पोरगं ना? गवताच्या टोपीचं?"

त्यांनी भराभर सीझन ओलांडले. हजारावा भाग जपानात २०२१ च्या नोव्हेंबरमध्येच लागून गेलाय, म्हणजे घसरायला मैदान मोठं. मी उशीत तोंड खुपसलं. पण कान उघडे होते. काका जे मोठ्याने वाचून दाखवत होते ते इथे लिहीत नाही, तुमच्यापैकी कोणी ६१२ वर असेल.

मग काकांनाच रस आला. हे पोरगं रबराचं झालं कसं? फळ खाल्लं म्हणून, असं सांगितलं तर म्हणाले, "पहिल्यापासून पाहाले लागते." माझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेऊन गेले.

रविवारी मी शेवटी माझा भाग हुडकला. दोन तास लागले. संध्याकाळी अ‍ॅप उघडलं तर 'पाहणं सुरू ठेवा'खाली सर्वात वर भाग ७, शेवटची तीन मिनिटं बाकी. ही रेघ मात्र बरोबर टिकली होती. वरून काकांच्या हसण्याचा आवाज येत होता. पेचकस अजून आलेला नाही, आणि सोफा ओलाच आहे.