सीमा पुसल्यात म्हणे!

बेळगावचा विषय निघाला की महाराष्ट्रात कुणीतरी हमखास युरोपचा दाखला काढतो. 'तिकडे बघा, देशादेशांच्या सीमा पुसल्या आणि आपण अजून राज्यांच्या हद्दीवरून डोकी फोडतोय.' मी राहतो बाझलला. स्वित्झर्लंडचं हे शहर दोन देशांना इतकं खेटून आहे की ८ नंबरची ट्राम जर्मनीत जाते, ३ नंबरची फ्रान्समध्ये, आणि विमानतळ तर अख्खाच्या अख्खा फ्रान्सच्या जमिनीवर आहे. पण सीमा पुसली? छे!

शनिवारी ८ नंबरमध्ये बसा. निम्मी ट्राम रिकाम्या पिशव्या घेऊन पलीकडे वाइलला निघालेली असते, कारण तिकडे किराणा स्वस्त. परतताना प्रत्येकाचा मनातल्या मनात हिशेब चालू. मटण-चिकन माणशी एकच किलो, वर गेलं तर किलोमागे १७ फ्रँक मोजा. एकूण खरेदीवर माणशी ३०० फ्रँकपर्यंत इथला कर लागत नसे. इकडच्या दुकानदारांनी ओरड केली आणि २०२५च्या जानेवारीपासून ती मर्यादा १५०वर आली. जर्मनीत भरलेला कर परत हवा असेल तर कस्टमच्या खिडकीशी रांग लावून हिरव्या कागदावर शिक्का मारून घ्यायचा. मधूनच वर्दीतले दोघे डब्यातून फेरी मारतात, तेव्हा सगळे साळसूदपणे खिडकीबाहेर बघू लागतात. माझं आजोळ कर्नाटकातल्या निपाणीचं. कागलकडची मंडळी स्वस्त पेट्रोल भरायला तिकडे येतात, त्यांचे लिटर कुणी मोजत नाही. या हिशेबाने आपलीच सीमा जास्त पुसलेली म्हणायची.

मग इथलं घेण्यासारखं काय? या देशाला समुद्र नाही. चिमुकलं लिक्टेनस्टाइन सोडलं तर चारही शेजारी युरोपीय संघातले, आणि हा एकटा बाहेर. रॉटरडॅमहून राइन नदीने बाझल बंदरात माल येतो, तो १८६८च्या मानहाइम कराराने नदी सर्वांना खुली ठेवली म्हणून. शेजाऱ्यांशी कायमचा अबोला इथे परवडतच नाही. तरी कुरबुर अखंड चालू. १९९२मध्ये जनतेने युरोपीय आर्थिक क्षेत्रात जायला नकार दिला, २००५मध्ये सीमेवरची पासपोर्ट तपासणी उठवणाऱ्या शेंगेन कराराला होकार दिला, २०१४मध्ये ५०.३ टक्क्यांनी परदेशी लोंढा आवरा म्हटलं आणि २०२०मध्ये युरोपीय संघाशी असलेला माणसांचा मुक्त संचार मोडायला नकार दिला. मत बदलतं, पण रोज सीमा ओलांडून कामाला येणाऱ्यांची वाट कुणी अडवत नाही. ते आज चार लाखांच्या घरात आहेत. मार्च २०२०मध्ये करोनामुळे सीमेवर कुंपणं पडली, तेव्हाही पलीकडच्या नर्सना आत सोडत होते. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये तापलं, तर पहिला दगड ट्रकवर पडला आणि एसटी बंद झाली.

बेळगावसाठी दाखला द्यायचाच तर मूटियेचा द्या. जर्मनबहुल बर्न कँटनमधलं, म्हणजे इथल्या राज्यातलं, हे फ्रेंच भाषकांचं छोटं शहर. शेजारच्या फ्रेंच जुरा कँटनात जायचं की नाही, हे २०१७मध्ये शहरालाच विचारलं. निसटता कौल 'हो' आला, पण मतदानात घोळ निघाल्याने रद्द झाला. २०२१मध्ये पुन्हा विचारलं, जवळपास ५५ टक्के 'हो' म्हणाले आणि १ जानेवारी २०२६पासून मूटिये जुरात गेलं. लागूनच असलेलं बेलप्राँ गाव मात्र 'नको' म्हणालं, ते बर्नमध्येच राहिलं. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा ही आपल्या सीमालढ्याची चतुःसूत्री इथे कुणाला ठाऊकही नसेल, पण काम तिच्याच धर्तीवर झालं. अर्थात एक शहर आणि ८६५ गावं यांत फरक आहेच, आणि लोकेच्छा मानायची तर सांगलीच्या जत तालुक्यातली कन्नड गावं काय म्हणतात तेही मुंबईला ऐकून घ्यावं लागेल.

बेळगाव महापालिकेने २००५मध्ये महाराष्ट्रात जायचा ठराव केला होता. कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली.