पोलीस होतेच की

पहलगामच्या हल्ल्यानंतर २०२५मध्ये पाकिस्तानी नट फवाद खानचा 'अबीर गुलाल' भारतात लागलाच नाही. तेव्हापासून मला २०१६ची दिवाळी सारखी आठवते. नट तोच, सिनेमा 'ऐ दिल है मुश्किल'. एकतर्फी प्रेमाची गोष्ट, बरीचशी इथे लंडनमध्ये घडणारी आणि उरीच्या हल्ल्याआधीच चित्रित झालेली. सेन्सॉर बोर्डाने पासही केली होती. तरी मनसेने 'लागू देणार नाही' म्हणून बजावलं. २२ ऑक्टोबरला 'वर्षा' बंगल्यावर मुख्यमंत्री फडणवीस, राज ठाकरे आणि करण जोहर यांची बैठक झाली. पाकिस्तानी कलाकार घेतलेल्या निर्मात्यांनी सैनिकांच्या निधीला पाच कोटी द्यावेत, अशी मागणी त्या बैठकीतून पुढे आली. २८ तारखेला सिनेमा लागला.

मी साताऱ्याकडचा. आमच्या भागात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. माझा चुलतभाऊ तेव्हा सुट्टीवर आला होता. फोनवर भडकलाच, "दादा, आमच्या नावावर खंडणी कशाला? आम्ही मागितली का?" संरक्षणमंत्री पर्रीकरांनी देणगी स्वेच्छेची असते, मानगूट धरून घ्यायची नसते असं सांगितलं, तेव्हा कुठे तो जरा शांत झाला.

उरीचा राग मलाही होता, आजही आहे. पाकिस्तानी नट नको असेल तर तिकीट काढू नये, थिएटरबाहेर फलक घेऊन उभं राहावं. तो प्रत्येकाचा हक्क. पण दंगा होईल म्हणून सरकारला हात वर करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच, एका तमिळ सिनेमावरून झालेल्या रंगराजन खटल्यात सांगून ठेवलंय. धमकी देणाऱ्याला आवरायचं सोडून मुख्यमंत्र्यांनी त्याच्याशी तडजोड घडवावी, हे मला पटत नाही.

इथे ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही. २००४मध्ये बर्मिंगहॅमला शीख समाजातल्या काहींच्या हिंसक निदर्शनांनंतर 'बेझ्ती' हे नाटक बंद पडलं. तेव्हाही मी अस्वस्थ झालो होतो. पण तिथे सरकारने मध्ये बसून त्याची किंमत ठरवली नव्हती.

आम्ही तो सिनेमा लेस्टरला पाहिला. शेजारी लाहोरचं एक कुटुंब होतं, दारात कोणी अडवलं नाही. भावाने पुण्यात पाहिला. बाहेर पोलिसांची गाडी, आत पर्सची तपासणी, बाकी काही नाही. रात्री फोनवर मला म्हणाला, "दादा, पोलीस होतेच की. मग ती बैठक कशाला?"