बांधाचं भोक

परवाच्या उधाणाला समुद्राचं पाणी अडवणारा गावचा बांध पुन्हा फुटला, त्याला खांड गेली. चुलत्याने व्हिडिओ पाठवला. आमच्या भातशेतात गुडघाभर खारं पाणी. आता मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे तरी लागणार.

व्हिडिओवर एका मित्राचं म्हणणं, 'ग्लोबल वॉर्मिंग, दुसरं काय!' समुद्र चढतोय हे खरंच. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. पण ही खांड वादळाने पाडलेली नाही. चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने पाडली.

अलिबाग-पेणच्या खारपट्टीत बांध म्हणजे मुळात चिखलाची भिंत. चिंबोरी त्यात बीळ करते, भरतीचं पाणी आत शिरतं, ओहोटीला माती घेऊन जातं. बीळ मुठीएवढं असताना पाटीभर चिखलात काम भागतं. पूर्वी हे गावच बघायचं, त्याला जोळ म्हणत. घरटी एक माणूस बांधावर, खातेदार कितीही मोठा असो. आजोबा रात्रीच्या उधाणाला कंदील घेऊन बांधावर फिरायचे. एक हाळी दिली की अख्खं गाव चिखलात.

मग बांध सरकारकडे गेले, 1979 मध्ये खारभूमी विकास कायदा आला. दगडी पिचिंग, उघाड्यांची (शेतातलं पाणी बाहेर सोडायच्या दारांची) दुरुस्ती, यात वाईट काहीच नाही. फक्त भोक बुजवायचं कुणी, ते कळेनासं झालं. आता आम्ही फोटो काढून अर्ज करतो. अर्जाला अंदाजपत्रक लागतं, अंदाजपत्रकाला मंजुरी. उधाण मात्र अमावास्या-पौर्णिमेला न चुकता हजर.

तोवर शेतात तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलातली झाडं रुजतात. बांधाबाहेर लाटांचा मार तीच झेलतात, तिथे ती हवीतच. पण आत वाढली की तेही कांदळवन, आणि 2005 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते तोडता येत नाही. सातबाऱ्यावर भात, जमिनीवर जंगल!

संरक्षक भिंतींसाठी कोटींचे आकडे ऐकले की वाटतं, त्यातला थोडा पैसा दर मे महिन्यात गावाच्या हाती द्या, दुरुस्तीच्या अधिकारासकट. पगारी जोळ म्हणा हवं तर. फुकट श्रमदान मी मागत नाही. अर्धं गाव कंपनीत पाळीला जातं, रात्री दोनला बांधावर कोण येणार? (मीही नाही. पनवेलला पंख्याखाली बसून हे लिहितोय.)

चुलत्याने वाट बघणं सोडलंय. घरामागच्या तळ्यात जिताडा माशाची पिल्लं सोडलीत. काल फोनवर म्हणाला, "भात नाय तं जिताडा. पन तल्याचे बांधाला अर्ज नाय. ती भोका आपलीच."