आज कशाचा दिवस?

२१ जुलै २०२४, रविवार, गुरुपौर्णिमा. दिवसभर जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज वाचून अंगावर मूठभर मांस चढलं होतं. रात्री साडेनऊला आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ पडली आणि चढलेलं मांस जागच्या जागी उतरलं. उद्यापासून शिक्षण सप्ताह! नवीन शैक्षणिक धोरणाला २९ जुलैला चार वर्षं पूर्ण होतात, त्यानिमित्त २२ ते २८ रोज कशाचा तरी दिवस. खाली केंद्रप्रमुखांनी पदरची ओळ जोडली होती : 'सर्व उपक्रम आनंददायी वातावरणात घ्यावेत. जिओ टॅग फोटो दुपारी तीनच्या आत. कोणीही निरंक कळवू नये.'

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट ४३. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणून मी आणि मॅडम. मुख्याध्यापक मी, लिपिक मी; शिपाई मात्र आम्ही आलटून पालटून होतो.

सोमवारी अध्ययन-अध्यापन साहित्य दिवस. शेजारच्या वाड्यातून तुराट्या आणल्या, बोटभर लांबीच्या काड्या मोडल्या, दहा-दहाला रबर लावून दहा गठ्ठे केले. शंभर! मुलं हरखली, मॅडम हरखल्या, सरपंच बघायला आले तेही हरखले. फोटो पाठवला. पाच मिनिटांत केंद्रप्रमुखांचा फोन, "सर, तुमची शाळा पाण्यात दिसतीय." फोटोवर ठिकाण नोंदवणाऱ्या अॅपनं आमचं ठिकाण दीड किलोमीटरवरच्या साठवण तलावात दाखवलं होतं. मी गेटपाशी गेलो, पाण्याच्या टाकीवर चढलो, हात उंच करून फोटो काढला. शाळा तलावाच्या काठापर्यंत आली. तेवढ्यावर भागवलं.

मंगळवार पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचा. सकाळी मुलांना गोल बसवलं, गठ्ठे आणायला कपाट उघडलं, तर सातच. कपाटाला कुलूप नाही, हे गावाला माहीत आहे. पण संख्याज्ञान कोण चोरून नेणार? तेवढ्यात खिचडीच्या खोलीतून धूर आला. गॅस संपला की आमच्या मावशी चूल पेटवतात.

"गुर्जी, सरपान वल्लं झालंय. ह्या बारक्या काटक्या घावल्या तवा बरं झालं. वर रबरं बी लावून ठिवलेली."

मी हताश होऊन वर्गात आलो. पण प्रश्न आयता तयार होता, तो वाया जाऊ देववेना. "बाळांनो, दहा दशकांतले तीन मावशींनी जाळले. राहिल्या किती काड्या?"

"सत्तर!" सगळे ओरडले. दुसरीतली एक मुलगी गप्प. तिनं सगळी रबरं सोडली, फरशीवर काड्या पसरून एकेक मोजली आणि म्हणाली, "अडुसष्ट. दोन काड्यांनी काल सरपंचांनी दात कोरले."

२०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, आकडेमोड यावी, असं केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं लक्ष्य आहे. आमच्याकडं एक मूल दुसरीतच निपुण निघालं, पण तेवढ्यात मोबाइलची मेमरी भरली. तीनच्या आत फोटो हवाच होता, म्हणून ४३ मुलांना गंभीर चेहरे करून पुन्हा बसवलं. पुरावा म्हणून तो फोटो गेला.

बुधवारी क्रीडा. रात्रभर भुरभूर पडलेली, मैदान काळ्या मातीचं. लंगडीचा खेळ ठेवला. एका पायावर उभं राहायला आमची मुलं पटाईत, फक्त तो पाय चिखलातून निघेना. शेवटी पाय निघाले, चपला राहिल्या. त्यातल्या तीन अजून सापडलेल्या नाहीत.

गुरुवारी सांस्कृतिक. आषाढीला जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळं विठ्ठल-रखुमाई तयारच होते. विठ्ठलाला सर्दी. पंचेचाळीस मिनिटांत त्याचा एक हात कंबरेवरून सुटला तो नाकावरच राहिला. भक्त मात्र हलले नाहीत.

शुक्रवारी कौशल्य आणि डिजिटल. प्रोजेक्टर लावला, वीज गेली. मॅडमनी खडूनं फरशीवर कीबोर्ड आखला आणि मुलांनी तासभर आपापली नावं 'टाइप' केली. प्रिंट काढून द्या, म्हणून एकजण मागं लागला होता.

शनिवार मोठा गुंत्याचा. इको क्लब, म्हणजे पर्यावरण, आणि पोषण एकाच दिवशी. झाड आईसोबत लावायचं, फोटो आईसोबत काढायचा. जुलैच्या शेवटी आमच्या गावातल्या आया सोयाबीनच्या खुरपणीला असतात. तीन आल्या, एक आजी आल्या. ग्रामपंचायतीनं रोपं दिली पाच. मग त्या चौघींनी मिळून ४३ लेकरांची आई व्हायचं ठरवलं. करंजाचं एक रोप त्या दिवशी अकरा वेळा खड्ड्यात उतरलं आणि दहा वेळा वर आलं. ते अजून जिवंत आहे. मला तर त्या रोपालाच बक्षीस द्यावंसं वाटतं.

रविवारी समुदाय सहभाग. होय, रविवारी. तिथीभोजन, म्हणजे गावानं शाळेतल्या मुलांना द्यायचं जेवण; त्यासाठी आम्ही दोघं घरोघर फिरलो. कुणी गूळ दिला, कुणी शेंगदाणे. दर मुलामागं १०० ग्रॅम तांदळाच्या हिशोबानं रोज मोजून शिजवणाऱ्या मावशींनी त्या दिवशी हात मोकळा सोडला. सरपंचांनी दोन पंक्ती वाढल्या आणि जेवण झाल्यावर इकडंतिकडं बघून विचारलं, "गुर्जी, त्या काड्या हायत का?"

दुसरीतली मुलगी कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

सोमवारी मी पोचलो तर गेटवर पोरं वाट बघत होती. "गुर्जी, आज कशाचा दिवस?"

"आज काही नाही. आज सोमवार."

तोंडं पडली. मी हजेरी घेऊन वळतो तोवर फळ्यावर दिनविशेषाच्या चौकटीत चौथीतल्या एकानं ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं : 'आज सोमवार दिवस.' आणि खाली ४३ जण रांगेत बसून, गंभीर चेहरे करून, माझ्या मोबाइलकडं बघत होते.