नाशिक लडाख नाही, मान्य! पण पेडल दगड झालं होतं

निफाडकर दादा,

थंडीतल्या गाडीच्या ब्रेकवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "नाशिकच्या थंडीत ब्रेक ऑइल काही गोठत नाही, लोकांना उगाच घाबरवू नका, पॅड बदला नि विषय संपवा," असं तुमचं म्हणणं. गोठण्याचं एकदम मान्य. ब्रेक ऑइलचा प्रकार डॉट ३ असो की डॉट ४, ते उणे ४० अंशांनाही वाहतं राहावं अशा हिशेबानेच बनवतात. "थंडीने ऑइल घट्ट होऊन ब्रेक लागत नाही" हे माझं वाक्य ढिसाळ होतं, काढून टाकतो.

पॅडचं मात्र पटलं नाही, कारण तो प्रयोग मी पदरच्या पैशाने करून बसलोय. तुमच्याकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात ना, त्याच दिवसांत गंगापूर रोडला पहिल्याच स्पीडब्रेकरवर पेडल दगडासारखं लागलं. गाडी थांबली, पण पायाचा सगळा जोर लावल्यावर. अकराला गॅरेजला पोचलो तोवर इंजिन गरम आणि पेडल लोणी! मेकॅनिकने पॅड बदलले, बिल हातात दिलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. शेवटी गाडी रात्रभर गॅरेजातच सोडली आणि सकाळी सातला त्याच्यासमोर चालू केली. बूस्टर म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा. त्याच्याकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या रबरी पाइपला टोकाशी नखाएवढी चीर निघाली. गारठ्यात रबर आखडलं की तिथून हवा ओढली जायची, व्हॅक्यूम कमी पडून पेडल दगड व्हायचं; बोनेटखाली ऊब आली की रबर मऊ पडून चीर मिटायची. दुपारी ती कुणाला दिसणार?

म्हणून तपासायचं ते पहाटेच. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. मग पाय तसाच दाबून स्टार्टर मारा. पेडल जरासं खाली बसलं तर बूस्टर काम करतोय. नाही बसलं तर आधी पाइप, मग वनवे व्हॉल्व्ह, मग बूस्टर बघा. डिझेल गाडी असेल तर व्हॅक्यूम पंपही. आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.

सकाळच्या खरखरीचं म्हणाल तर दवाने डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, दोन-चार ब्रेकांत घासून जातो. त्यावरून कुणी नवी डिस्क गळ्यात मारत असेल तर सरळ घरी या. संध्याकाळी गाडी धुतली तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला की झालं.

ऑइलची काळजी करायचीच तर कसारा घाटात करा, उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापतं तिथे. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी मुरलेलं १४०च्या आसपासच उकळू शकतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं.

उद्या चहाच्या आधी तेवढं पेडल दाबून बघा आणि कळवा. गाडी पेट्रोल की डिझेल, तेही लिहा.