कळ्यांच्या दिवसांतली पिवळी पाने: आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेवंतीच्या पिवळ्या पानांवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि स्पष्ट शब्दांत प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. बंदिस्त गॅलरीत एलईडी दिव्यांखाली आपण १४ कुंड्यांत शेवंती लावली आहे. कुंड्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत आहे, पाणी सोसायटीच्या बोअरचे आहे, आणि कळ्या धरू लागल्यापासून आपण आठवड्यातून दोनदा ००:५२:३४ हे खत देत आहात. पाने पिवळी पडू लागली तेव्हा ‘आधी पाहा, मग खत द्या’ हा माझा सल्ला मानून आपण आठवडाभर थांबलात, मग एप्सम सॉल्टच्या (मॅग्नेशियम सल्फेटच्या) दोन फवारण्या केल्या, आणि तरीही पिवळेपणा वाढतच गेला. ही उघड उघड नत्राची (नायट्रोजनची) कमतरता होती, मी तिला पाण्याचे आणि मुळांचे फाटे फोडले, आणि नेमके करायचे काय हे सांगितलेच नाही, असा आपला आक्षेप आहे.

यातला शेवटचा भाग मला पूर्ण मान्य आहे. तो लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वाढीच्या अवस्थेतले झाड होते. त्या अवस्थेत एखादा आठवडा निरीक्षणात गेला तरी झाड ते भरून काढते. कळी दिसू लागल्यावर मात्र फूल उमलेपर्यंत हाती मोजकेच आठवडे असतात, आणि तेव्हा ‘पाहा’ म्हणणाऱ्याने काय पाहायचे आणि किती दिवसांत ठरवायचे, हेही सांगायला हवे होते. ती उणीव माझी आहे आणि हे उत्तर त्या उणिवेपोटीच एवढे लांबले आहे.

निदानाबाबत मात्र मी आपल्याशी अर्धाच सहमत आहे. आपण पाठवलेली छायाचित्रे मी मोठी करून पुन्हा पुन्हा पाहिली. पहिल्या छायाचित्रातली खालची पाने शिरांसकट सारखी पिवळी झाली आहेत, देठाशी सैल पडली आहेत, आणि एखाददुसरे गळून कुंडीत पडले आहे. दुसऱ्या छायाचित्रात कळीच्या लगेच खालची, नुकती उलगडलेली पाने फिकट पिवळी, जवळजवळ पांढरट दिसतात, पण त्यांच्या शिरा शेवटच्या बारीक फाट्यापर्यंत हिरव्या आहेत, जणू कोणी हिरव्या धाग्याची जाळी पानावर ताणून बसवली आहे. आपण या दोन्हींना एकच नाव दिलेत. माझ्या मते एकाच झाडावर ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि आपला सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

नत्र, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाला एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेता येतात. त्यामुळे तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या शेंड्याला आणि कळ्यांना पुरवते, आणि पिवळेपणा खालून वर चढतो. लोहाचे तसे नाही. ते ज्या पानात गेले तिथेच राहते, म्हणून लोहाचा तुटवडा नेहमी सगळ्यात कोवळ्या पानावर दिसतो आणि जुनी पाने हिरवीगार राहतात. मॅग्नेशियम आणि लोह या दोन्हींच्या कमतरतेत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी एकच नक्षी उमटते. फरक फक्त जागेचा असतो: मॅग्नेशियमची नक्षी खालच्या आणि मधल्या पानांवर दिसते, लोहाची शेंड्याकडे. उसात ‘केवडा पडला’ असे शेतकरी म्हणतात तेव्हा ते बहुधा हेच लोहाचे पांढुरकेपण दाखवत असतात, आणि चुनखडीच्या जमिनीत ते फार दिसते. आपण नक्षी पाहून एप्सम सॉल्ट फवारलेत. कोकोपीट मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवते आणि मुळांना ते कमी मिळते, त्यामुळे तो संशय अगदीच निराधार नव्हता, पण ज्या पानांना लोह हवे आहे त्यांना कितीही मॅग्नेशियम दिले तरी ती हिरवी होणार नाहीत.

खालच्या पानांबाबत आपले म्हणणे बरोबर आहे, तिथे नत्रच कमी पडले आहे. मात्र त्याचे कारण आपल्याच खताच्या पुडीवर छापलेले आहे. ००:५२:३४ मधला पहिला आकडा नत्राचा असतो आणि तो शून्य आहे. कळ्यांसाठी म्हणून आपण स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश देत राहिलात, नत्राचा पुरवठा थांबला, आणि झाडाने आपली जुनी पाने मोडीत काढून कळ्या पोसल्या. थोड्या प्रमाणात हे फुलाच्या काळात प्रत्येक शेवंतीत होते आणि तळाची चारदोन पाने गेली तर त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. शिवाय स्फुरदाचा अतिरेक लोहाच्या शोषणात अडथळा आणतो आणि पालाशाचा अतिरेक मॅग्नेशियमच्या. ‘फुलांचे खत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दल मी लेखात एक अवाक्षरही लिहिले नाही, याचे मला आज जास्त वाईट वाटते.

आता बोअरच्या पाण्याकडे येतो, कारण शेंड्याच्या पिवळेपणाचे मूळ मला तिथे दिसते. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात कुंडीच्या आतल्या काठावर पांढरी पापडी धरलेली आहे. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. जमिनीत त्याचा परिणाम दिसायला वर्षे लागतात, पण दहा इंची कुंडीत तेच पाणी रोज पडत राहिले की काही महिन्यांतच कुंडीतल्या माध्यमाचा सामू (पीएच) सातच्या वर, म्हणजे अल्कधर्मी बाजूला जातो. तिथे लोह असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणजे कुंडीत लोह आहे, आणि झाड उपाशी आहे.

हे माझे अनुमान आहे, आणि आपण ते तपासूनच स्वीकारावे. एका कुंडीला नेहमीसारखे पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, मग वरून सुमारे १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर हळूहळू ओता आणि खालच्या ताटलीत जे पाणी प्रथम निथळेल त्याचा सामू पट्टीने किंवा मीटरने मोजा. कोकोपीटमधल्या शेवंतीला ५.८ ते ६.५ मानवतो. दुसरी तपासणी याहून बोलकी आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, आणि बारीक कुंचल्याने शेंड्याच्या एकाच पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला तो द्राव लावा, उरलेला अर्धा कोरा ठेवा. आठ-दहा दिवसांत रंगवलेला अर्धा हिरवा झाला आणि कोरा तसाच राहिला, तर लोहाबद्दल शंका उरत नाही. काहीच फरक पडला नाही, तर माझे निदान चुकले असे मी मान्य करीन.

आपण विचाराल, की मग पाणी आणि मुळे आधी पाहा असे लेखात का लिहिले? त्यामागे माझा एक अनुभव आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या आठ कुंड्यांतल्या शेवंतीची पाने खालून पिवळी पडू लागली. मीही नत्रच समजलो आणि १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश सारखेच असलेले खत लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात दोनदा दिले. झाडे सुधारण्याऐवजी भर दुपारी माना टाकू लागली. शेवटी एक कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढला. वरची दोन बोटे माती कोरडी होती, तिच्याखाली चिखल होता आणि त्याला कुजकट वास येत होता. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढले, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. ज्या झाडाला मुळेच नव्हती, त्याला मी खत पाजत होतो. आठपैकी पाच झाडे गेली. त्यामुळे गोळा बाहेर काढून पाहण्याचा सल्ला मी आजही मागे घेणार नाही. त्याला पाच मिनिटे लागतात, आठवडा नव्हे, आणि हे मी स्पष्ट लिहायला हवे होते.

दिव्यांचे आणि किडीचे थोडक्यात लिहितो. दिवा फार जवळ असेल तर फक्त त्याच्या थेट खालची पाने फिकटतात, आणि त्यांत शिराही फिकटतात. आपल्या पानांत शिरा हिरव्या आहेत, त्यामुळे दिव्याचा दोष वाटत नाही. बंद, कोरड्या गॅलरीत लाल कोळी मात्र हमखास येतो. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालू लागले तर तो आहे.

या आठवड्यात मी आपल्या जागी असतो तर ००:५२:३४ पूर्ण थांबवले असते आणि मुळे पांढरी, निरोगी असल्याची खात्री करून १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदाच दिले असते. कळीवर रंग दिसू लागल्यावर नत्र नको, कारण त्याने झाड कोवळे होते, मावा येतो आणि फूल टिकत नाही. युरियाला तर हात लावू नये. पाण्यात सायट्रिक ॲसिड चिमूट-चिमूट घालत पट्टीवर सामू सहाच्या आसपास येईपर्यंत थांबावे आणि तेच पाणी कुंड्यांना द्यावे. लोह घेताना दुकानदार बहुधा १२ टक्क्यांचे चिलेटेड फेरस, म्हणजे दुसऱ्या संयुगाने धरून ठेवलेले लोह, पुढे करतो. त्यातले धरून ठेवणारे संयुग ईडीटीए असते आणि सामू साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटते. आपल्याला हवे ते ईडीडीएचए या दुसऱ्या संयुगाचे, ज्यात लोह ६ टक्केच असते, पण ते चढ्या सामूतही टिकते. त्याचा द्राव गडद लाल होतो. ते मातीतूनच द्यावे, फवारू नये, कारण आता फुलांवर डाग पडतील आणि ओल्या कळ्यांत बुरशी शिरेल.

पूर्ण पिवळी झालेली खालची पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यामुळे गुण आला की नाही हे त्यांच्यावरून ठरवू नका. शेंड्याशी किंवा बगलफुटीवर यापुढे उलगडणारे पहिले पान कोणत्या रंगाचे निघते, तेवढेच पाहा. निथळलेल्या पाण्याचा सामू आणि कुंचला लावलेल्या पानाचे छायाचित्र कृपया इथेच कळवा. मूळ लेखात कळ्यांच्या अवस्थेचा भाग मला नव्याने लिहायचा आहे, आणि तो आपला आकडा हाती आल्यावरच लिहीन.