पुढच्या अॅक्सलचं लॉकर: बार्शीच्या मिस्त्रींना उत्तर

मिस्त्री, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. डिफरन्शिअल वळताना अॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं, लॉकर त्यांना एकत्र जखडतं. लेखात मी म्हटलं होतं की पुढच्या अॅक्सलला लॉकर टाकायचंच असेल तर हवं तेव्हा चालू-बंद करता येणारं टाका, आपोआप लॉक होणारं (ऑटो) नको. तुमचं म्हणणं असं की ऑटो लॉकर निम्म्याहून कमी पैशांत येतं, त्याला कॉम्प्रेसर लागत नाही, वायरिंग लागत नाही, आणि तुम्ही तीन गाड्यांना पुढं बसवलंय, एकाचीही तक्रार नाही. फोर्सच्या गुरखा गाडीला कंपनीच पुढं लॉक देते, मग मी महिंद्राच्या थारवाल्यांना उगाच का घाबरवतो, हा दुसरा मुद्दा. आणि सोलापूरच्या सपाट माळावर ही चैन हवीच कशाला, हा तिसरा. शेवटी लिहिलंय, "हात काळे न करता लिहिलेलं दिसतंय." ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक कबूल करतो. ऑटो लॉकर टाकलं की रोजच्या डांबरी रस्त्यावरही स्टिअरिंग जड होतं, असं मी सरसकट लिहिलं होतं. ते चुकलंच. जिप्सीसारख्या गाडीला पुढं फ्री-व्हीलिंग हब असतात, म्हणजे चाक त्याला फिरवणाऱ्या दांड्यापासून (शाफ्टपासून) सोडवता येणारे जोड. हब सोडलेले असले की टू-व्हीलमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना असताना, पुढची चाकं एकेकटी फिरतात, लॉकर आत गप्प पडून असतं, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हब नसलेल्या गाडीत फार तर वळणावर कट्-कट् आवाज येईल, कारण टू-व्हीलमध्ये पुढं जोरच जात नसतो. तुमच्या तीन गिऱ्हाइकांची तक्रार का नाही, याचं निम्मं उत्तर मला इथंच दिसतं.

उरलेलं निम्मं फोर-व्हील टाकल्यावर कळतं. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ऑटो लॉकरमध्ये डिफरन्शिअलच्या आतले मूळचे छोटे स्पायडर गिअर काढून त्या जागी दातेरी तुकडे बसतात. गाडी जोर लावून चालली असताना चाक क्राऊनपेक्षा (डिफरन्शिअलला फिरवणाऱ्या मोठ्या गिअरपेक्षा) जास्त वेगानं फिरू शकतं, कमी वेगानं नाही. दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर धरा आणि गाडी सहा मीटरच्या त्रिज्येनं वळवा. पुढच्या बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साधारण एकपंचमांश जास्त धावावं लागतं. म्हणजे वळताना बाहेरचं चाक सुटतं आणि ओढायचं काम एकट्या आतल्या चाकावर येतं. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तोच भार झटक्यात दुसऱ्या बाजूला जातो. मागच्या अॅक्सलला हे झालं तर गाडी जराशी डुलते. पुढं झालं तर हिसका थेट हातात येतो, आणि तेव्हा आपण बहुतेक ओढ्याच्या काठावर असतो.

हात काळे झाले त्याची गोष्ट सांगतो. सीना नदीच्या काठावर, पहिल्या दोन पावसांनंतर, मित्राची लिलावातली जिप्सी होती. पुढं ऑटो लॉकर, मागं काही नाही. बांधाला वळसा घालून जाणारी मुरमाची वाट, डावीकडं नदीकडं उतार, आणि मुरमावर बोटभर ओल्या काळ्या मातीचा थर. साधं डिफरन्शिअल असतं तर एक चाक फिरलं असतं आणि दुसरं जमीन धरून राहिलं असतं. गाडी अडली असती, पण होती तिथंच. इथं दोन्ही पुढची चाकं एकदम फिरली आणि नाक हातभर खाली सरकलं. परत जोर दिला, परत हातभर. खाली बाभळ होती म्हणून थांबलो. त्या क्षणी पुढचं लॉक सोडून मागच्या चाकांबरोबर सावकाश निघावं असं वाटत होतं, पण सोडायला बटणच नव्हतं. फोर-व्हील काढली तर मागची चाकं एकटी तो चढ चढेनात.

मग मित्रानं स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून रिव्हर्स घेतला. फट्ट असा आवाज आला, आणि त्यापुढं जोर दिला की नुसती कटकट. ट्रॅक्टरनं ओढून रस्त्यावर आणली. संध्याकाळी शेडमध्ये उजवीकडचा नकल (चाक वळवणारा सांधा) उघडला, तर ग्रीस करड्या रंगाचं, बोटावर घेतलं की त्यात लोखंडाची चकाकी. शाफ्टला वळत्या चाकाशी जोडणाऱ्या जॉइंटच्या वाटीला उभी चीर, सहा गोळ्यांपैकी एक बाहेर येऊन नकलच्या तळाशी, आणि तिच्या खाचेचा काठ दातानं चावल्यासारखा तुटलेला. साध्या डिफरन्शिअलमध्ये एका शाफ्टवर पुढच्या अॅक्सलला आलेल्या जोराचा निम्माच वाटा येतो. लॉक असताना एक चाक हवेत किंवा गुळगुळीत चिखलात असेल तर जवळजवळ सगळा जोर दुसऱ्या शाफ्टवर. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना जॉइंट सगळ्यात कमजोर असतो. बटणाचं लॉकरही हेच करेल, यात वाद नाही. फरक इतकाच की वळायच्या आधी ते सोडता येतं.

गुरखाचा मुद्दा मात्र चांगला काढलात. २०२१ पासूनच्या गुरखाला पुढं डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे चाकं स्वतंत्र वर-खाली होतात, आणि तरी पुढं-मागं दोन्हीकडं लॉक आहे. पण ते लॉक लिव्हरनं चालतं! चालवणारा टाकेल तेव्हाच लागतं, काढेल तेव्हा सुटतं. माझं म्हणणं तेच आहे. शिवाय तिथं शाफ्ट, जॉइंट, हौसिंग सगळं लॉक धरूनच कंपनीनं ठरवलेलं. थारमध्ये पुढं ब्रेकनं चालणारी सोय आहे. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ती जोर दुसऱ्या चाकाकडं वळवते. त्या गाडीत बाहेरून लॉकर घालायचं, वर मोठे टायर चढवायचे, आणि जॉइंट मूळचेच ठेवायचे, याला माझा विरोध आहे. चाक लोंबकळलेलं आणि वळलेलं असं दोन्ही एकदम असलं की त्या जॉइंटचा कोन किती होतो, ते तुम्ही रॅम्पवर माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं असेल.

आता आपलं सपाट सोलापूर. माळ सपाट आहे, मान्य. (नान्नजच्या बाजूच्या गवताळ माळावर तर गाडी घालूच नका, ते माळढोक अभयारण्य आहे.) पण अडकतो ते माळावर नाही, माळ फोडून जाणाऱ्या ओढ्यांत अडकतो. उभे कापलेले काठ, तिरकी उतरण, एक चाक दगडावर तर तिरपं समोरचं हवेत. सांगोल्याकडचे डाळिंबवाले पावसाळ्यात बागेत जायला अशाच वाटा रोज तुडवतात. तिथं लॉकर खरोखर उपयोगी पडतं. उलट नुसत्या काळ्या रानात ते फारसं कामाचं नाही, हे मी लेखात कमी ठसवलं. भिजलेली काळी माती फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि गुळगुळीत झालेली दोन चाकं एकदम फिरली तरी गुळगुळीतच राहतात. तिथं खोल खाचांचा टायर आणि १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा लॉकरपेक्षा जास्त काम करते, आणि हवा उतरवणं तर फुकटात.

पैशांचं म्हणाल तर तुमचंच खरं आहे, फरक मोठा आहे. म्हणून माझा सल्ला असा की एकाच लॉकरचे पैसे असतील तर ते मागं टाका. मागचा शाफ्ट सरळ असतो, त्याला वळायचं नसतं, आणि चढावर वजनही मागंच जातं. तिथं ऑटो लॉकर टाकलंत तर मी काही बोलणार नाही. पुढचं नंतर, पैसे साठवून, बटणाचं. हवेचं घेतलंत तर कॉम्प्रेसरनं टायरही भरता येतात, ही आपल्याकडं मोठी सोय. ओढ्यापलीकडं हवा भरायला कोण भेटतंय? फक्त ती बारीक नळी सायलेन्सरपासून लांब आणि झुडपांत अडकणार नाही अशी बांधा, आणि आतल्या ओ-रिंगवर (हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर) लक्ष ठेवा. विजेच्या लॉकरला नळी नाही, पण कनेक्टरमध्ये पाणी आणि गाळ शिरला की ऐन वेळी ते लागत नाही. माझा कल हवेच्याकडं आहे. सोय हे एक कारण, आणि नळी फाटली तर फुस्स आवाजावरून जागा सापडते. वायरचं तसं नाही.

तुमच्या तीन गाड्यांबद्दल मला खरंच जाणून घ्यायचंय. त्यांना टायर किती इंची आहेत, पुढचे जॉइंट मूळचे की बदललेले, आणि गिऱ्हाईक तिरक्या उतारावर जातात की फक्त सरळ चढ चढतात? तिरक्या वाटेवरही ती चाललेली असतील, तर चालवणारे काय वेगळं करतात ते लिहा. मी ते लेखात घालीन. स्टिअरिंग जड होतं हे चुकीचं वाक्य आज सकाळीच काढलंय.